विंडोज सोडण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला आहे. पूर्वी लिनक्स या विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत प्रणालीबद्दल विचारणारे वाचक हौसेने विचारत. आता अडचणीत सापडलेले लोक विचारतात. चांगला चालणारा संगणक घरात असताना नवा घ्यावा लागणार का, ही त्यांची खरी काळजी आहे. त्यांतील निवडक पत्रांना या वेळी सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : महोदय, मी निवृत्त शिक्षक आहे. माझा डेस्कटॉप २०१६ साली घेतलेला असून त्यात इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. त्यावर विंडोज ११ बसत नाही. दुकानदार म्हणतो की संगणक मोडीत काढा. शेजारचा महाविद्यालयीन मुलगा म्हणतो की लिनक्स टाका. मी बँकेचे व्यवहार, ई-मेल, यूट्यूबवरील व्याख्याने आणि थोडेफार लेखन एवढेच करतो. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुलाचे ऐकावे, पण त्याच्या वेगाने जाऊ नये.

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर अशा अटी घातल्या आहेत. आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये, त्यामुळे आपला संगणक कितीही ठणठणीत असला तरी तो त्या अटींत बसत नाही. विंडोज १० उद्या बंद पडेल असेही नाही. मात्र त्यात यापुढे सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवल्या जाणार नाहीत, आणि ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर ही जोखीम घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टची विस्तारित सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तिच्यात नाव नोंदवले तर तेवढी सवड मिळते, आणि ती सवड लिनक्सची तयारी करण्यासाठी वापरावी.

तयारीची सुरुवात वहीच्या एका पानाने करावी. पुढचा आठवडाभर संगणकावर जे जे काम कराल ते त्या पानावर लिहून ठेवा : वीजबिल भरले, नातवाचे फोटो मोबाइलवरून उतरवून घेतले, पेन्शनची पावती छापली, हयातीचा दाखला पाहिला. आठवड्यानंतर प्रत्येक कामापुढे ते कोणत्या प्रोग्रॅममध्ये केले ते लिहावे. लिनक्स आपल्याला जमेल की नाही, याचे उत्तर इतरांच्या अनुभवापेक्षा हे पान अधिक खरे देईल. आपण पत्रात सांगितलेली कामे ब्राउझरमध्ये आणि लेखनाच्या एखाद्या साध्या प्रोग्रॅममध्ये होणारी आहेत, आणि ती लिनक्सवर जशीच्या तशी होतात.

त्यानंतर, प्रणाली न बदलता आधी प्रोग्रॅम बदलावेत. फायरफॉक्स हा ब्राउझर, लेखनासाठी लिब्रेऑफिस आणि व्हिडिओसाठी व्हीएलसी हे तिन्ही विंडोजवरही मोफत मिळतात. महिनाभर विंडोजवरच त्यांची सवय करून घ्या. पत्र लिब्रेऑफिसमध्ये लिहा, ब्राउझरच्या खुणा (बुकमार्क) फायरफॉक्समध्ये आणून ठेवा. पुढे लिनक्स सुरू होईल तेव्हा हेच प्रोग्रॅम समोर दिसतील आणि फक्त त्यांच्या भोवतीची चौकट नवी असेल. लिनक्स टाकून पहिल्या पंधरवड्यातच माघारी फिरलेले जे लोक मी पाहिले आहेत, त्यांतील बहुतेकांचे सगळे एकाच दिवशी बदलले होते. मेनू, प्रोग्रॅम, फायलींची जागा, अक्षराचे वळणसुद्धा.

आता यंत्राकडे वळू. खर्च करण्याची तयारी असेल तर तो एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर करावा. आपल्या संगणकाचा संथपणा बहुतांशी फिरत्या हार्ड डिस्कमुळे आहे, आणि २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा एसएसडी बसवली की तोच संगणक ओळखू येणार नाही इतका फरक पडतो. शक्य असल्यास रॅम ८ जीबी करावी. एसएसडीचा आणखी एक फायदा मला वेगापेक्षाही मोलाचा वाटतो. जुनी हार्ड डिस्क काढून, तिच्यावर तारीख लिहून ती कपाटात ठेवून द्यायची आणि लिनक्स नव्या एसएसडीवर टाकायची. दोन महिन्यांनी पस्तावा झालाच, तर जुनी डिस्क परत जोडली की विंडोज जिथे सोडली होती तिथेच उभी असते.

माझ्या नात्यातील एका घरात ही काळजी घेतली गेली नव्हती. ‘डिस्क पुसून लिनक्स टाका’ हा पर्याय निवडताना दोन डिस्कांपैकी नको ती निवडली गेली आणि एका लग्नाचे सगळे फोटो गेले. तेव्हापासून मी कोणालाही सांगताना आधी जुन्या डिस्कची वायर काढायला लावतो. जोडलेलीच नसलेली डिस्क चुकूनही पुसली जाऊ शकत नाही. फोटो आणि कागदपत्रे यांची एक वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर असावी, हे तर आहेच.

लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी आपण लिनक्स मिंट घ्यावी. तिचा मेनू, खालची पट्टी आणि घड्याळाची जागा विंडोजच्या सवयीला जवळची आहे. ४ जीबी रॅमवर तिची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी, ८ जीबी केल्यास सिनॅमन. मिंटची २२ ही मालिका लिनक्सच्याच उबुंटू या प्रकाराच्या २४.०४ आवृत्तीवर आधारलेली असून तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर रुफस या प्रोग्रॅमने ती उतरवून घ्यावी (पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते), संगणक सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी आपल्या कंपनीची जी की असेल ती दाबून पेन ड्राइव्ह निवडावा, आणि काहीही न बसवता लिनक्स तशीच चालवून पाहावी. आवाज येतो का, इंटरनेट जोडले जाते का, प्रिंटर दिसतो का, संगणक झोपवून पुन्हा उठवला तर उठतो का, हे सारे इथेच कळते. पेन ड्राइव्हवरून ती थोडी सावकाश चालेल. तो वेग अंतिम मानू नये.

प्रश्न : आम्ही एक छोटा दिवाळी अंक काढतो. गेल्या बारा वर्षांचे सगळे लेखन जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले आहे. लिनक्सवर त्यातील एक फाइल उघडून पाहिली, तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निव्वळ चिखल दिसला. लिनक्सवर मराठी चालत नाही असे समजावे का? टायपिंगचे काय? मला बरहा या टायपिंगच्या प्रोग्रॅमची सवय आहे, आमच्या टंकलेखकांना टाइपरायटरची.
— एक संपादिका, कोल्हापूर

उत्तर : लिनक्सवर मराठी उत्तम चालते, आणि हे मी रोज त्यावर मराठी लिहिणारा माणूस म्हणून सांगतो आहे. आपल्याला दिसलेला चिखल लिनक्सने केलेला नाही. तोच मजकूर आपला जुना फॉन्ट नसलेल्या कोणत्याही विंडोजवर उघडला असता तरी तसाच दिसला असता.

कारण असे की युनिकोडच्या आधीच्या काळातील मराठी फॉन्ट हे मुळात वेषांतर होते. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवली जात, आणि फॉन्ट त्या जागी ‘क’ किंवा वेलांटीचे चित्र दाखवत असे. फॉन्ट गेला की वेष उतरतो. युनिकोडमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवला जातो, मग फॉन्ट कोणताही असो. म्हणजे आपल्यापुढचे काम बारा वर्षांचे लेखन युनिकोडमध्ये आणण्याचे आहे, आणि ते लिनक्सकडे गेलात न गेलात तरी एक दिवस करावेच लागणार आहे. जुना संगणक आणि जुने फॉन्ट चालू आहेत तोवर ते करून घ्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

क्रम असा ठेवावा. आधी प्रत्येक अंकाच्या फायली जुन्या संगणकावर उघडून त्यांची पीडीएफ करून घ्यावी, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधला जातो आणि मूळ पान कसे होते याचा पुरावा कायमचा राहतो. मग फॉन्ट बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणावा. शेवटी तो पीडीएफसमोर ठेवून मुद्रितशोधन करावे. हे शेवटचे काम टाळता येत नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी टाइपरायटरप्रमाणे अक्षराच्या आधी टाइप होत असे आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर येते आणि रफाराचा ‘र’ अक्षराच्या आधी. कन्व्हर्टरला ही उलटापालट करावी लागते आणि तिथेच तो घसरतो. ‘कीर्ती’, ‘मार्मिक’, ‘स्थिती’, ‘दुसऱ्या’ असे शब्द आधी शोधून पाहावेत. ते नीट उतरले असतील तर बाकीचा मजकूर बहुधा नीट असतो.

टायपिंगसाठी लिनक्समध्ये आयबस नावाची सोय आहे आणि तिच्या मराठीच्या यादीत इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स, गमभन असे अनेक पर्याय मिळतात. बरहाची सवय असलेल्या माणसाचा हात फोनेटिक किंवा आयट्रान्सवर दोन दिवसांत बसतो, कारण उच्चाराप्रमाणे रोमन की दाबायची हे तत्त्व तेच आहे. टाइपरायटरवाल्यांसाठी रेमिंग्टनची मांडणी आहे. परंतु नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी इन्स्क्रिप्टच शिकायला सांगतो. तिच्यात डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने असतात. ‘एन’ या कीवर ‘ल’ आहे आणि शिफ्ट धरून तीच की दाबली की ‘ळ’ येतो. ‘एम’वर ‘स’ आणि शिफ्टसह ‘श’. मराठीची खास गरज असलेला ‘ऱ’ हा ‘जे’ या कीवर शिफ्टसह मिळतो, त्यानंतर ‘डी’वरचा हलन्त आणि मग ‘य’ दिला की ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ उमटतो. आणि साधा ‘र’, हलन्त, ‘य’ असे दिले की ‘आचार्य’मधला रफार. हा भेद बोटांना एकदा कळला की पुन्हा चुकत नाही. शिवाय ही मांडणी विंडोजवर, लिनक्सवर आणि मोबाइलवर सारखीच आहे.

एक बारीक गोष्ट आपल्यासारख्या संपादकांसाठी. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी राहिली असेल तर काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची भाषा मराठी करावी. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय आहे त्यात तीच अक्षरे पाकळीच्या ‘ल’ची आणि देठाच्या ‘श’ची होतात. अंकाचे पान उघडल्याबरोबर वाचकाला ते आपले वाटते, आणि त्यासाठी पैसा लागत नाही.

प्रश्न : फुकट मिळणाऱ्या वस्तूवर विश्वास कसा ठेवावा? उद्या कोणी संगणकातली माहिती चोरली तर जबाबदार कोण?
— बँकेतून निवृत्त झालेले एक वाचक, मडगाव

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि ती फिटायला थोडा इतिहास लागतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा प्रकल्प जाहीर केला, तो कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण प्रणाली उभी करण्यासाठी. तिचा गाभा १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. तोच लिनक्स. इंग्रजीत या चळवळीसाठी जो ‘फ्री’ हा शब्द वापरतात त्याचे दोन अर्थ होतात आणि त्यातून गेली चाळीस वर्षे गैरसमज चालू आहेत. मराठीत आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ असे दोन स्वच्छ शब्द आहेत. लिनक्स मोफत मिळते हे खरे, पण तिच्यावरचा विश्वास ती मुक्त असण्यावर उभा आहे. तिचा मूळ मजकूर जगभरातील अभ्यासकांसमोर उघडा असतो आणि त्यावर इंटेल, गूगल यांसारख्या मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंतेही काम करतात, कारण त्यांचे स्वतःचे व्यवसाय तिच्यावर चालतात. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. भारतात सी-डॅक या सरकारी संस्थेने लिनक्सच्या डेबियन या प्रकारावर आधारित ‘बॉस’ ही प्रणाली तयार केली, आणि केरळच्या सरकारी शाळांतील मुले वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवरच संगणक शिकत आहेत.

जबाबदारीचे म्हणाल, तर विंडोज घेतानाही आपण ज्या करारावर होकार देतो त्यात अशी भरपाई कोणी लिहून दिलेली नसते. घरच्या लिनक्सवर बहुधा अँटिव्हायरस लागत नाही, कारण प्रोग्रॅम कुठल्या तरी वेबसाइटवरून उचलण्याऐवजी प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातून, सही तपासून घेतले जातात. परंतु फोनवरून ‘मी बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला ओटीपी सांगितला, किंवा त्याच्या सांगण्यावरून दुरून संगणक हाताळण्याचे ॲप टाकले, तर कोणतीही प्रणाली आपल्याला वाचवू शकत नाही.

प्रश्न : माझे किराणा मालाचे घाऊक दुकान आहे. टॅली, जीएसटी आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन रोज लागते. घरातही हाच संगणक वापरतो. लिनक्स टाकू का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : या संगणकावर टाकू नये. टॅली विंडोजसाठी बनवलेली आहे. ती लिनक्सवर आडमार्गाने चालवण्याचे प्रयोग लोक करतात, पण ज्या हिशेबावर कर भरायचा तो हिशेब प्रयोगावर ठेवू नये. स्वाक्षरीच्या टोकनांचेही तसेच. काहींची लिनक्सची सोय असते, पण विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता ती शोधत बसण्याची वेळ कोणावर येऊ नये. दुकानाच्या कामासाठी विंडोज ११ चा संगणक ठेवावा. घरात दुसरा जुना संगणक पडून असेल तर मुलांसाठी आणि बँकेच्या व्यवहारांसाठी त्यावर लिनक्स जरूर टाकावी.

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज ११ सोबत लिनक्स टाकायला घेतली, तर लिनक्सला डिस्कच दिसेना. मित्राने बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) एक सेटिंग बदलले. आता विंडोजही सुरू होत नाही आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागते. माझा सगळा प्रकल्प त्यात आहे.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, ठाणे

उत्तर : घाबरू नका आणि काहीही पुसू नका. आपल्या वर्णनावरून मित्राने साठवणुकीची पद्धत रेड किंवा आरएसटीवरून एएचसीआय केलेली असावी. आधी तेच सेटिंग होते तसे परत करा. बहुतेक वेळा विंडोज तेवढ्यानेच सुरू होते. तरीही की मागितली तर ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असण्याची शक्यता मोठी आहे. मोबाइलवरून त्या खात्यात शिरून उपकरणाच्या नावाखाली शोधा. विंडोज सुरू झाल्यावर पहिले काम म्हणजे प्रकल्पाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेणे. लिनक्सचा विचार त्यानंतर.

पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर आधी ती ४८ अंकी की कागदावर उतरवून घ्या आणि विंडोजमधूनच बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, बंद करा. डिस्क उलगडून होईपर्यंत थांबा. फास्ट स्टार्टअप बंद करा, कारण त्यामुळे विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते आणि लिनक्सला त्या डिस्कवर लिहिता येत नाही. लिनक्ससाठी जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच मोकळी करा, ५० जीबी तरी. एएचसीआयचा बदल करण्यापूर्वी विंडोज पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू होईल असे सेटिंग करा, मग बायोसमधला बदल करा, विंडोजला एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या आणि सेफ मोडचे सेटिंग काढून टाका. परीक्षा तोंडावर असेल तर हे सारे सुट्टीवर ढकला.

प्रश्न : दोन्ही प्रणाली छान चालतात, पण लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. बॅटरी गेली असे समजून बदलली, तरी तेच.
— एक वाचक, लातूर

उत्तर : बॅटरीचा दोष नव्हता. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि दाखवताना त्यात भारताचे साडेपाच तास मिळवते. विंडोज मात्र ते घड्याळ भारतीय वेळ दाखवते आहे असेच गृहीत धरते. म्हणून फरक नेमका साडेपाच तासांचा येतो. बॅटरी गेली असती तर वेळ कशीही भरकटली असती. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) टाइमडेटसीटीएल (timedatectl) या आज्ञेने मदरबोर्डचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगावे, की दोघांचे एकमत होते.

प्रश्न : मी घरी शिकवणी घेते आणि रोज वीस-पंचवीस पाने छापते. प्रिंटर लिनक्सवर चालेल का, हे आधी कसे कळेल? पत्रासोबत प्रिंटरचे नाव दिले आहे.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : गेल्या काही वर्षांतील वायफाय असलेले बहुतेक प्रिंटर लिनक्सवर ड्रायव्हरशिवाय आपोआप ओळखले जातात, आणि एचपीच्या बहुसंख्य प्रिंटरसाठी एचपीलिप नावाचा मुक्त ड्रायव्हर आहे. आपण नाव दिलेला कॅननचा एलबीपी २९०० मात्र वेगळ्या जातीचा आहे. टोनर स्वस्त पडतो म्हणून तो आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांपासून घरांपर्यंत सगळीकडे दिसतो, पण तो कॅप्ट ही कॅननची स्वतःची भाषा बोलतो आणि लिनक्सवर त्याला बोलते करायला जाणकाराचा हात लागतो. आपल्या पोटापाण्याचे काम त्यावर आहे, म्हणून आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून एक पान छापून पाहावे. ते छापले गेले नाही, तर जाणकार मिळेपर्यंत विंडोज काढू नये. पेन ड्राइव्हवर पीडीएफ नेऊन छापण्यापुरती ती राहू द्यावी.

प्रश्न : मुलगा गेम खेळतो. लिनक्स टाकली तर गेम चालतील का?
— एक पालक, नागपूर

उत्तर : कोणते गेम, यावर ते आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातील पुष्कळ गेम व्हॉल्व्ह कंपनीच्या प्रोटॉन या सोयीमुळे लिनक्सवर चांगले चालतात. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट चालत नाहीत. मुलाला न विचारता त्याचा संगणक बदलू नये.

प्रश्न : मी पुण्यात असते, आई-बाबा रत्नागिरीजवळच्या गावात. त्यांच्या लॅपटॉपवर गणपतीच्या सुट्टीत लिनक्स टाकून द्यावी असा विचार आहे. मी परत आल्यावर त्यांचे अडू नये म्हणून काय करून ठेवू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सुट्टीच्या शेवटच्या दिवशी टाकू नये, पहिल्या दिवशी टाकावी. मग चार-पाच दिवस आपण घरात असतानाच त्यांना अडू द्यावे. आपण खुर्चीत बसून करून दाखवण्यापेक्षा माउस त्यांच्या हातात आणि आपण शेजारी, असे बसावे. आईने ‘ते निळे इ कुठे गेले?’ असे विचारले की तेव्हाच कळते की त्यांच्या लेखी इंटरनेट म्हणजे ते चिन्ह होते.

डेस्कटॉपवर त्यांच्या कामांची चिन्हे त्यांच्याच शब्दांत ठेवावीत : ‘बँक’, ‘मेल’, ‘फोटो’, ‘नातवंडांशी बोलणे’. अक्षर मोठे करावे. वडिलांना मराठी मेनू हवा असेल तर मराठी भाषा निवडता येते, पण काही शब्द इंग्रजीत राहतात, आणि फोनवरून मदत करताना ‘तिथे काय लिहिले आहे?’ याचे उत्तर आपल्याला समोर दिसत असलेल्या शब्दांशी जुळावे लागते. म्हणून आपल्या आणि त्यांच्या संगणकाची भाषा एकच ठेवावी.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, ती आठवड्याला एकदा प्रणालीची प्रत घेईल अशी लावून द्यावी. एखाद्या अपडेटनंतर काही बिघडले तर शेवटच्या प्रतीच्या वेळच्या स्थितीला परत जाता येते. मात्र टाइमशिफ्ट फक्त प्रणाली जपते. फोटो आणि कागदपत्रे ती जपत नाही. त्यांच्यासाठी वेगळी बाहेरची डिस्क द्यावी आणि दर भेटीत प्रत घ्यावी. पासवर्ड एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो देवघराच्या खणात ठेवला तरी चालेल. गावच्या घरात विसरलेला पासवर्ड हा चोरापेक्षा मोठा धोका आहे. लिनक्सच्या काही प्रकारांत टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकेही उमटत नाहीत; तसे असेल तर ते त्यांना एकदा दाखवून ठेवावे, नाहीतर कीबोर्ड बिघडला असे त्यांना वाटते. पावसात तिकडे वीज वारंवार जाते, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा दहा मिनिटेही टिकत नाही; तशी असेल तर बॅटरी बदलण्याचा खर्च लिनक्स टाकण्याआधी करावा.

आणि एक सवय आईंना स्वतः हाताने चार वेळा करून लावावी. पेन ड्राइव्हवर फोटो घेताना लिनक्समध्ये पुढे सरकणारी पट्टी कधीकधी झटकन संपते, कारण प्रणाली फोटो आधी मेमरीत घेते आणि पेन ड्राइव्हवर सावकाश लिहीत राहते. पट्टी संपली म्हणून लगेच पेन ड्राइव्ह उपटला, तर शेजाऱ्यांच्या टीव्हीवर अर्धे फोटो उघडत नाहीत. पेन ड्राइव्हच्या नावापुढच्या बाणाच्या चिन्हावर क्लिक करायचे, पेन ड्राइव्हवरचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत आणि ‘आता काढता येईल’ अशा अर्थाची सूचना येईपर्यंत थांबायचे, मगच काढायचा.